गिफ्ट द्यायचंय का कुणाला?

मँचेस्टरमध्ये राहणाऱ्या माणसाने शनिवारी नॉर्दर्न क्वार्टरमधल्या रेकॉर्डच्या दुकानात जाऊन स्वतःच्या पैशाने बझकॉक्स या इथल्याच जुन्या पंक रॉक बँडचं 'सिंगल्स गोइंग स्टेडी' हे गाण्यांचं संकलन घेतलं तर यात कुणाच्या बापाचं काय जातं, हे मला अजून कळलेलं नाही. रांगेत उभा होतो, रेकॉर्ड काखेत होती, डोक्यात घरी जाऊन पोहे करायचे एवढाच विचार. मागून आवाज आला, "गिफ्ट द्यायचंय का कुणाला?"

वळून बघतो तर एक गृहस्थ. लेदर जॅकेट, त्यावर बिल्लेच बिल्ले, आणि जॅकेटची चेन काही केल्या पोटावरून पुढे सरकत नव्हती. म्हटलं, नाही, मलाच. तर हा माणूस असा हसला की जणू मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये कविता म्हणून दाखवली. मग माझ्या काखेतून रेकॉर्ड काढून घेतली (हो, काढून घेतली, विचारलंही नाही), उलटी केली आणि पहिल्याच गाण्याचं नाव खणखणीत आवाजात वाचलं. 'ऑरगॅझम ॲडिक्ट'. पुढे एक आजी नातवासाठी काहीतरी घेत होत्या, त्यांनी मान वळवली. "अर्थ कळतो ना तुला?" हा विचारतोय. अरे बाबा, बीबीसीने 1977 साली हे गाणं वाजवायला नकार दिला तो काय अर्थ न कळल्यामुळे?

पण तो थांबतो कुठला. म्हणे बेस्ट ऑफ वगैरे घेणारे लोक म्हणजे नुसती साय खाणारे, खऱ्या फॅनने अल्बम घ्यायचे असतात. आता इथे माझी खरी सटकली. एकतर यातली बरीचशी गाणी अल्बमवर नव्हतीच, हा बँडच मुळात सिंगल्सचा, म्हणजे एकेक गाण्याच्या छोट्या रेकॉर्डचा. त्यांचा गायक पीट शेली दोन-अडीच मिनिटांत प्रेमात पडून, तोंडावर आपटून, वर चाल गुणगुणायला लावून मोकळा व्हायचा. एका बाजूला आठ सिंगल्स, उलट्या बाजूला त्याच क्रमाने त्यांच्या बी-साइड्स, म्हणजे त्या छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूची गाणी. सोळा गाणी, हिशोब चोख. आणि 1979 मध्ये हे काढलं ते अमेरिकेतल्या लोकांना बँडची ओळख व्हावी म्हणून, इंग्लंडात रीतसर आलं ते 1981 मध्ये, बँड फुटल्यावर. म्हणजे हे बनवलंच परक्यांसाठी! मग मीच घ्यायचं नाही तर कुणी?

शिवाय आमच्या पिढीला कुठला आलाय अल्बम. आम्ही कॅसेट भरून घेणारे लोक. गल्लीतल्या दुकानदाराला चिठ्ठीवर यादी द्यायची, दोन दिवसांनी जायचं, त्याने एक गाणं अर्धंच भरलेलं असायचं आणि शेवटी उरलेल्या जागेत स्वतःच्या आवडीचं काहीतरी घुसडलेलं. त्याच्याशी भांडायचो तरी मजा होती. तो निदान "कळतं का तुला" असं नाही विचारायचा.

असो. तर साहेबांनी हुकमाचं पान काढलं. "मी तिथे होतो." तिथे म्हणजे लेसर फ्री ट्रेड हॉल, 4 जून 1976, लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा इथे दंतकथा होऊन बसलेला कार्यक्रम. शेली आणि बझकॉक्समधला त्याचा तेव्हाचा जोडीदार हॉवर्ड डेव्होटो यांनी हा कार्यक्रम जमवला होता, तिकीट 50 पेन्स, माणसं जेमतेम चाळीस. आता त्या जागी हॉटेल आहे, आणि "मी तिथे होतो" म्हणणारे मँचेस्टरमध्ये इतके आहेत की त्या हॉटेलातही मावणार नाहीत. हे गृहस्थ फार तर पंचावन्नचे, म्हणजे तेव्हा पहिलीत असतील. शाळेला दांडी मारून आले असावेत. वर सांगतात, त्या रात्री बझकॉक्स काय वाजले होते! त्या रात्री बझकॉक्स वाजलेच नव्हते, त्यांचा बँडच तयार नव्हता, ते वाजले 20 जुलैला, दुसऱ्या कार्यक्रमात. हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पण रांगेत, परक्या देशात, सावळ्या माणसाने मँचेस्टरच्या माणसाला मँचेस्टरचा इतिहास सांगायचा म्हणजे काय होतं ते माहितीये. लोक बघतात. मग आपणच आगाऊ ठरतो. त्याला चुकीचं बोलायची मुभा आहे आणि मला बरोबर बोलायची नाही, हे विनोदी वाटत असेल तर हसून घ्या, मला त्या दिवशी नाही वाटलं.

या रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं आहे 'समथिंग्ज गॉन राँग अगेन'. मोजा सापडत नाही, दाढी करताना कापतं, असल्या फुटकळ कटकटींचं. त्यात रांगेतल्या मागच्या माणसावर एक कडवं हवं होतं.

काउंटरवर पोचलो. पोराने बारकोड मारला. तेवढ्यात मागून आमचे इतिहासाचार्य ओरडले, "नवीन आहे रे तो, जरा कमी कर!" आणि त्या पोराने खरंच एक पाउंड कमी केला. मी पोराला थँक्यू म्हटलं. मग वळून त्या माणसालाही थँक्यू म्हटलं. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, आवडलं तर पुढच्या वेळी अल्बम घे.