‘नको’ म्हणायचं बटण कुठे आहे?

कुठलीही वेबसाइट उघडा, तळाशी कुकीजची पट्टी हजर. ‘ॲक्सेप्ट ऑल’ मोठ्या रंगीत बटणात. नाही म्हणायचं असेल तर मात्र आत शिरा, यादी वाचा, एकेक पर्याय बंद करा. बातमी वाचायला आलेला माणूस एवढं करत नाही, हे पट्टी बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. अशा होकाराला मी संमती मानत नाही.

कुकीवर माझा राग नाही. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मॉन्टुली या इंजिनिअरने १९९४ मध्ये ती आणली, कारण वेबला स्मरणशक्तीच नव्हती. एका पानावरून दुसऱ्यावर गेलात की सर्व्हर, म्हणजे साइट चालवणारा संगणक, तुम्हाला विसरायचा, मग खरेदीची टोपली भरणार कशी? म्हणून देवळाबाहेर चपलांसाठी बिल्ला देतात तशी सर्व्हर एक छोटी नोंद ब्राउझरकडे देतो आणि पुढच्या वेळी ती बघून तुम्हाला ओळखतो. बँकेचं लॉगिन टिकवणारी सेशन कुकी साधारणपणे ब्राउझर बंद होताच जाते. तुम्ही निवडलेली भाषा लक्षात ठेवणारी कुकी जास्त दिवस राहते. या दोन्ही हव्यातच.

माझं भांडण आहे थर्ड-पार्टी कुकीशी. तुम्ही उघडता एक साइट, पण त्या पानावर जाहिरात कंपनीचाही तुकडा असतो आणि ती स्वतःची कुकी ठेवते. तीच कंपनी रेसिपीच्या साइटवर असते, नोकरीच्या साइटवर असते, मधुमेहाची माहिती देणाऱ्या साइटवरही असते. तिन्ही भेटी एकाच ओळख क्रमांकाखाली जमा होतात. घरच्यांनाही न सांगितलेलं दुखणं जाहिरातवाल्यांना आधी कळतं, ते असं.

हा धोका नवा नाही. कुकीजच्या १९९७ च्या तांत्रिक मानकातच अशा कुकीज आपोआप स्वीकारू नयेत असं म्हटलं होतं, ब्राउझर कंपन्यांनी ते मानलं नाही. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०२० मध्ये त्या पूर्ण अडवल्या. गुगलने त्याच वर्षी क्रोममधून दोन वर्षांत काढू असं जाहीर केलं, मुदती पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये बेत सोडला. कमाई जाहिरातींवर असलेल्या कंपनीकडून हे आपण होऊन होणार नाही. त्यासाठी कायदाच लागतो.

फ्रान्सच्या डेटा संरक्षण नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. कारण एवढंच, की स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं असं म्हटलंय आणि संमती मागणारी सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्यायही दिलाय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची सवलत आहे. एवढ्या वेळात निदान मराठी बातम्यांच्या साइटनी तरी ‘नाकारा’ हे बटण ‘स्वीकारा’शेजारी, त्याच आकारात आणि मराठीत द्यावं. वाचक मराठी, मजकूर मराठी आणि परवानगी तेवढी इंग्रजीत, हे मला पटत नाही.

तोवर क्रोमच्या सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या भागात जाऊन थर्ड-पार्टी कुकीज ब्लॉक करून टाका. लॉगिन बहुतेक ठिकाणी नीट चालतं. घरातल्या मोठ्यांच्या फोनवरही करून द्या.