खाडीला भिंत घालून ठाणं सुधारणार नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेले आठ दिवस एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. खाडीकिनारची तिवरं काढा, सरळ काँक्रीटची भिंत घाला, वर अहमदाबादच्या साबरमती नदीकाठासारखा वॉकिंग ट्रॅक आणि गार्डन करा, म्हणजे खाडी साफ, डास गायब आणि पाणी तुंबणं कायमचं बंद. ट्रॅक मलाही हवाय, अगदी मनापासून हवाय, कारण आईला संध्याकाळी तलावपाळीच्या गर्दीत चालणं आता झेपत नाही. पण तो असा नको.

"साबरमतीसारखं करा." अहो, साबरमतीला शहराच्या खालच्या अंगाला वासणा बॅरेज म्हणजे बंधारा आहे, पाणी तिथे अडवलंय आणि नर्मदेच्या कालव्यातून आणून भरलंय, म्हणून ती बारा महिने भरलेली दिसते. आपली खाडी दिवसातून दोनदा भरते, दोनदा उतरते. ओहोटीच्या वेळी कळव्याकडे जाताना लोकलमधून खाली बघा, भिंत बांधली तरी तिच्या पायथ्याशी तोच चिखल दिसणार. आणि तो चिखल वाईट नाहीये, फ्लेमिंगो त्यातच चरतात, ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता, मिळाला तो असल्याच पाणथळीमुळे.

"भिंत घातली की पाणी तुंबणार नाही." हे सगळ्यात धोकादायक वाटतं मला. आपले नाले खाडीतच उतरतात, मोठी भरती आणि धो धो पाऊस एकाच वेळी आला की नाल्याचं पाणी बाहेर जात नाही, उलट खाडीचंच पाणी आत चढतं, मग नुसती भिंत काय करणार, आतलं पाणी आतच कोंडणार ना. नवी मुंबईत बरीच जमीन भरतीच्या पातळीखाली आहे म्हणून सिडकोने होल्डिंग पाँड केले, भरतीला दारं बंद, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं आणि ओहोटी लागली की खाडीत सोडतात. त्यात गाळ साचू दिला की पाणी थांबायला जागाच उरत नाही, तो काढत राहावा लागतो. नेरूळचा ज्वेल ऑफ नवी मुंबईचा ट्रॅक अशाच तळ्याच्या कडेने आहे. मागायचं तर हे मागा.

"तिवरांमुळे डास होतात." जिथे भरतीचं पाणी रोज येतं-जातं तिथे अळ्या सहसा टिकत नाहीत. रात्री डेब्रिजचे डंपर रिकामे करून पाण्याची वाट अडवली की डबकी होतात आणि डास तिथे वाढतात. डेंग्यूचा डास तर घरातल्या ड्रममध्ये, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. शिवाय तिवर तोडायला हायकोर्टाने २०१८ मध्येच बंदी घातलीय, भोवतीची ५० मीटर जागासुद्धा मोकळी ठेवायचीय.

"आधी गार्डन करा, खाडी आपोआप साफ होईल." कशी? आमच्या मागच्या नाल्यातून सांडपाणी तसंच खाडीत जातं, बाकड्यावर बसलं तरी वास येणारच. आधी ती लाइन सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला जोडा.

आणि चेंदणीच्या कोळ्यांचा त्या मेसेजमध्ये एक शब्द नाही. उभी भिंत झाली तर होडी लावायची कुठे, जाळी वाळवायची कुठे? त्यांना पाण्यापर्यंत उतार हवा, ट्रॅक तिवरांच्या मागून, जमिनीच्या बाजूने जाऊ दे. हरकती-सूचना मागवल्या की मी हेच लिहून देणार आहे, ज्यांना सही करायचीय त्यांनी रविवारी सकाळी बंदरावर या, ओहोटी असेल तर उत्तमच, सगळं डोळ्यांनी बघूनच सही करा.