‘मोबाईल डबा आणत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर होईना, म्हणून सविस्तर लिहितेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरात अडकलेल्या माणसाला पडद्यावर मैत्र भेटतात हे माझं लिहिणं भाबडं आहे, अडीनडीला शेजारीच धावून येतो, ‘मोबाईल डबा आणत नाही’, आणि असं लिहून मी खोलीत कोंडून घेणाऱ्या मुलांना निमित्त पुरवतेय. तुमच्या नातवाचंही तुम्ही लिहिलंय. बारावीनंतर तो खोलीबाहेर पडत नाही, रात्र रात्र गेम खेळतो.

डब्याचं अगदी खरं आहे. खुब्याचं हाड मोडून मी साडेचार महिने घरात होते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये. पहिले तीन आठवडे समोरच्या काकूंकडून रोज डबा आला. बेडपॅन द्यायलासुद्धा त्याच आल्या. ते उपकार फिटायचे नाहीत. पण येणारं प्रत्येक जण एकच विचारायचं: दुखतंय का? डॉक्टर काय म्हणाले? मग कुणाच्या नणंदेचं हाड कसं मोडलं होतं ते. सगळं मायेपोटीच. दुसऱ्या महिन्यात येणंजाणं कमी झालं. ज्याला त्याला आपापले व्याप असतात, दोष कुणाचाच नाही. मला मात्र वाटायला लागलं, की त्या हाडाशिवाय आपल्याकडे बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही.

त्याच सुमारास पलंगाशेजारच्या खिडकीतल्या तगरीची पानं कुणीतरी फस्त करायला लागलं. कठड्यावर मिरीएवढ्या काळ्या लेंड्या पडायच्या. अळी सापडायला दोन दिवस लागले, कारण ती पानाच्याच रंगाची होती, करंगळीएवढी जाड. बोट लावलं तशी तिने मान आखडली आणि डोक्यामागे दोन निळे डोळे वटारले. ते खरे डोळे नव्हेत, पाखरांना भिववण्यासाठीचे ठिपके. मी फोटो आयनॅचरलिस्टवर टाकला. जगभरचे लोक तिथे झाडांचे, किड्यांचे फोटो टाकतात आणि एकमेकांना ओळख पटवून देतात. अर्ध्या तासात बेळगावच्या एकांचं मराठीत उत्तर आलं: “ताई, ही डॅफ्निस नेराय पतंगाची अळी. तगर, कण्हेर खाते. मारू नका. तपकिरी पडली की कोषात जायची वेळ झाली समजा, तेव्हा कुंडीत थोडा पालापाचोळा टाका.”

रात्रीचे अडीच वाजले होते. इतक्या रात्री जागे कसे, म्हणून मी विचारलं. त्यांचे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची. “मध्ये झोप लागत नाही, मग किडे ओळखत बसतो,” म्हणाले. म्हणजे तेही अडकलेलेच, तीन वर्षं.

तिथून ओळख वाढली. त्यांनी मला आठ-नऊ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. त्यात चिपळूणचे एक निवृत्त बँकवाले आहेत, त्रिशूरच्या एक शिक्षिका आहेत. अळी कोषात गेल्यावर मला ताप आला आणि दोन रात्री मी फोन हातात घेतला नाही. तिसऱ्या दिवशी बेळगावहून फोन. “कोष फुटला का?” दोन आठवडे लागतात हे त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि अजून आठवडाही झाला नव्हता. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं.

जुलैअखेर पतंग सप्ताह असतो. अमेरिकेत २०१२ साली सुरू झाला, आता कितीतरी देशांत लोक त्या आठवड्यात दिवा लावून येणारे पतंग नोंदवतात. फिजिओवाल्या मॅडम पंधरा दिवस ‘गॅलरीपर्यंत चाला’ म्हणून मागे लागल्या होत्या. मी वॉकर धरून गेले ती दिव्याला येणारे पतंग बसावेत म्हणून पांढरी चादर बांधायला. ऑगस्टमध्ये नाशिकच्या एका मुलाने त्याच अळीचा फोटो टाकला. एका नोंदीवर दोघांचं एकमत झालं की ती अभ्यासाला चालते, आणि त्या नोंदीवरचं दुसरं मत माझं होतं. काका, त्या दिवशी कुणीतरी माझ्या दुखण्यासाठी नाही, माझ्या माहितीसाठी माझ्याकडे आलं होतं.

बेळगावच्या दादांचे वडील डिसेंबरात गेले. मी काठी टेकत गेले. आम्ही प्रथमच समोरासमोर भेटत होतो, आणि आधी कुणालाच बोलायला सुचेना. पिठलं-भात त्यांच्या शेजाऱ्यांनीच आणून दिला होता. तिथेही तुमचंच खरं ठरलं. मग ते मला मागच्या अंगणात घेऊन गेले, कण्हेर दाखवायला.

सगळीकडे असंच असतं असं नाही. हाडं मोडलेल्यांच्याच एका ग्रुपवर मी आधी होते. तिथे एक जण तेल विकायचा आणि बाकीचे एकमेकांना घाबरवायचे. आठवड्यात बाहेर पडले.

आता तुमच्या नातवाबद्दल. नॉर्वेत मॅट्स स्टेन नावाचा मुलगा होता. ड्यूशेन या स्नायूंच्या आजारामुळे तो व्हीलचेअरवर होता, आणि त्याचे तासन्‌तास वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममध्ये जायचे. आईवडिलांना वाटायचं, पोरगं एकटं पडलंय. २०१४ साली पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ती बातमी लिहिली, आणि वेगवेगळ्या देशांतून ई-मेल यायला लागले. गेममध्ये तो इबेलिन नावाने वावरायचा. या इबेलिनने आपल्या अडचणीत कशी सोबत केली, ते लोकांनी पानंच्या पानं लिहिलं. काही जण परदेशातून अंत्यविधीला आले. आपल्या मुलाचा एवढा गोतावळा आहे हे आईवडिलांना तेव्हा कळलं.

तुमचा नातू मॅट्ससारखाच आहे असं मी म्हणत नाही. कदाचित तो खरंच एकटा असेल, कदाचित त्याला डॉक्टरांची गरज असेल. पण तो कुणाशी बोलतो हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, तो काय करत नाही एवढंच आहे. आज जेवणं झाल्यावर त्याच्या खोलीत खुर्ची ओढून बसा. गेम बंद कर म्हणू नका. कानाला हेडफोन लावून तो ज्याच्याशी बोलतोय, तो कोण, कुठला, एवढंच विचारा. पहिल्या दिवशी कदाचित सांगणार नाही. तरी बसा. आणि त्याने सांगितलं, तर मला नक्की कळवा.