मेडिक्लेमच्या डेटावरचा तो फॉरवर्ड वाचून सही नाकारू नका

आमच्या कोथरूडच्या सोसायटी ग्रुपवर एकच फॉरवर्ड चार जणांनी टाकलाय, की मेडिक्लेमचा डेटा संशोधनाला द्यायला सही करू नका, बिलावरून उपचाराचं काही कळत नाही, हा प्रीमियम वाढवायचा डाव आहे आणि तुमचा आजार गावभर होईल. मी सहा वर्षं एका टीपीएत, म्हणजे विमा कंपन्यांसाठी क्लेम तपासणाऱ्या कंपनीत, क्लेमच्या फायली बघितल्यात, म्हणून लिहितेय.

बिलावरून कळत नाही? एका बिलावरून नाहीच कळत. पण क्लेममध्ये नुसती रक्कम नसते हो, आजाराचा कोड, ऑपरेशन कुठलं, अॅडमिट कधी, डिस्चार्ज कधी, सगळं असतं. माझ्या आईचा गुडघा बदलला, तीन आठवड्यांनी इन्फेक्शन झालं, तेव्हा ती भावाकडे हडपसरला होती म्हणून तिकडच्याच हॉस्पिटलात अॅडमिट केलं. पहिल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डला ते ऑपरेशन अजूनही छान झालेलंच आहे! दोन्ही अॅडमिशन एकाखाली एक दिसतात ती फक्त क्लेममध्ये. आणि हिंजवडीतली पोरं नोकरी बदलली की आईवडिलांसकट विमा कंपनीही बदलते, मग प्रत्येक कंपनीकडे अर्धीच गोष्ट राहते, म्हणून तर हा डेटा एकत्र बघायला हवा.

प्रीमियमचं म्हणाल तर तुमचा क्लेम त्याच कंपनीने पास केलाय, तिला तो बघायला वेगळी सही कशाला लागेल?

आजार गावभर होण्याची भीती मात्र खरी आहे, २०२४ मध्ये आपल्याकडे एका मोठ्या विमा कंपनीच्या ग्राहकांचा डेटा फुटलाच होता. पण वाट आहे. व्हायॉक्स नावाचं सांधेदुखीचं औषध अमेरिकेत १९९९ ला आलं आणि हार्ट अॅटॅकचा धोका दिसल्यावर २००४ ला मागे घेतलं, तोवर लाखो लोकांनी ते खाल्लं होतं. असे धोके लवकर दिसावेत म्हणून २००८ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सेंटिनल नावाची यंत्रणा सुरू केली, त्यात क्लेम कंपनीकडेच राहतात, प्रश्न तिकडे जातो आणि परत येतात ते मुख्यतः एकत्रित आकडे.

फॉरवर्डमध्ये जे नाहीच आणि असायला हवं होतं ते हे, की आपल्याकडे क्लेम बहुतेक अॅडमिशनचेच असतात, ओपीडीतला शुगरचा पेशंट त्यात दिसतच नाही, आणि नुसत्या तपासण्यांसाठी अॅडमिट करून कागदावर भलतंच निदान लिहिलेल्या फायली मी स्वतः परत पाठवल्यात. संशोधन करणाऱ्यांनी हे धरूनच चालायला हवं.

माझ्यापुढे तो फॉर्म आला की नाव, पिनकोड, जन्मतारीख काढणार का आणि डेटा कुणाच्या हातात राहणार एवढं लेखी मागीन, आणि ते मिळालं की आईला विचारून तिच्या गुडघ्याच्या दोन्ही क्लेमसकट देऊन टाकीन.