मोर्चा शहराबाहेर अडवून काय साधणार?
मोर्च्यांमुळे लोकांचे हाल होतात, ते शहराच्या वेशीवरच अडवा, हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च आठवा. नाशिकहून मुंबईला सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले शेतकरी, त्यात कितीतरी आदिवासी बायाबापड्या. पायांना फोड आलेले. तरी दहावीच्या पोरांना पेपरला जाताना अडचण नको म्हणून सायनहून आझाद मैदानापर्यंत ते रातोरात चालले! मागणी काय, तर २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत्या जमिनीचे पट्टे आणि कर्जमाफी. सरकारनं लेखी आश्वासन दिलं. तरीही २०१९ आणि २०२३ मध्ये त्यांना पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. याबद्दल लेखात एक ओळही का नाही?