आमच्याकडे मोठी सुट्टी का लागत नाही

"मुलांना सुट्टी कधी लागणार?" हे यंदा इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सविस्तर लिहावंच म्हटलं. मोठी सुट्टी आमच्याकडे लागणार नाही. गेल्या दीड वर्षापासून आमचं होमस्कूलिंग, म्हणजे मुलांचं शाळेऐवजी घरीच शिकणं, बारा महिने चालतं. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. "अगं, लेकरांना जरा खेळू दे की!" त्यांचा तरी काय दोष? 'बारा महिने अभ्यास' हे शब्दच असे आहेत की ऐकणाऱ्याला मुलांची कीव यावी. पण माझी मुलं पूर्वी जितके दिवस अभ्यास करायची तितकेच आजही करतात, एक दिवसही वाढलेला नाही.

पहिली तीन वर्षं आम्ही शाळेचंच वेळापत्रक पाळलं. का पाळलं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुलांना शाळेतून काढलं, पण शाळेचं कॅलेंडर आमच्या डोक्यातून निघालं नव्हतं. शाळेला ते लागतं. शेकडो मुलं, शिक्षकांच्या रजा, परीक्षा, निकाल, पुढची इयत्ता, हे सगळं एका वेळी हलवायचं असतं. आमच्याकडे दोन मुलं आणि एक जेवणाचं टेबल. तरीही आम्ही अडीच महिने वह्या कपाटात बंद करून ठेवायचो.

मग एका वर्षी सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी थोरलीला भागाकाराचं गणित दिलं. १२३६ भागिले १२. सुट्टीआधी असली गणितं ती बोलता बोलता करायची. तिने १२ ला १२ ने भाग दिला, वर १ लिहिला, ३ खाली घेतला, मग ६ खाली घेतला, आणि उत्तर लिहिलं १३. तीनाला बाराने भाग जात नाही तेव्हा वर शून्य लिहायचा, ती एक पायरी पुसली गेली होती. मी म्हटलं, १३ ला १२ ने गुणून बघ. तिने गुणलं, १५६ आले. ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, मला हे येत होतं ना गं?"

त्या प्रश्नाने मला आतून हलवलं. विसरणं तर सगळ्यांचंच होतं. पण आपल्याला येणारी गोष्ट आता येत नाही हे कळल्यावर मुलाचा स्वतःवरचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला भागाकारापेक्षा जास्त वेळ लागतो. त्या वर्षी पहिले सहा आठवडे आम्ही नवं काहीच शिकलो नाही, फक्त जुनं गोळा करत बसलो.

मग मी वाचायला लागले. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले होते. निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती विसरल्या ते मोजायचं. १८८५ साली त्याने ते निष्कर्ष छापले. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वात जास्त असतो, आणि तीच उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा अंतर ठेवून केली तर जास्त टिकते. १९९६ साली हॅरिस कूपर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या सुट्टीवरच्या ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. सरासरी साधारण एका महिन्याचं शिक्षण मागे पडतं, आणि सर्वात जास्त फटका आकडेमोडीला आणि स्पेलिंगला बसतो, असं त्यातून निघालं. वाचनाचं तसं सरसकट दिसलं नाही. आमच्या घरीही नेमकं हेच होतं. गोष्टीची पुस्तकं मुलं सुट्टीतही वाचायची, पण गुणाकार-भागाकार कोणी हौसेने करत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या संशोधनावर नंतर आक्षेप आले आहेत. पॉल फॉन हिप्पेल या अमेरिकन संशोधकाने २०१९ मध्ये दाखवलं की आधीचे काही निष्कर्ष त्या वेळच्या चाचण्यांच्या रचनेमुळेही तसे आले असावेत. आणि ज्या शाळांनी बारमाही वेळापत्रक आणलं, ४५ दिवस शाळा आणि १५ दिवस सुट्टी असं, तिथल्या मुलांच्या गुणांत फार मोठा फरक दिसलेला नाही. अनेक शाळांनी तर ते वर्ग अपुरे पडत होते म्हणून आणलं होतं. त्यामुळे बारमाही केलं की मुलं हुशार होतात असं मी म्हणणार नाही. मी हे केलं ते माझ्या टेबलावर काय होत होतं ते बघून.

आमचा हिशोब सोपा आहे. ५ दिवसांचा आठवडा, असे ३६ आठवडे, म्हणजे १८० दिवस. सहा आठवडे अभ्यास, मग एक आठवडा पूर्ण सुट्टी. अशा सहा फेऱ्या झाल्या की ४२ आठवडे होतात आणि वर्षातले १० आठवडे हातात उरतात. ते १० आठवडे म्हणजे या पद्धतीचा खरा जीव. कोणी आजारी पडलं, पाहुणे आले, प्रवासाला जायचं झालं, माझंच डोकं चालेनासं झालं, की त्यातून दिवस काढायचे. पूर्वी मुलाला ताप आला की मला आधी 'पोर्शन मागे पडणार' हे सुचायचं आणि मग त्याचं कपाळ. हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

गेल्या सुट्टीच्या आठवड्यात धाकट्याने भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ उघडलं. स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये, प्रत्येक खणात एकेक, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने. सोमवार उजाडला तेव्हा घड्याळ अर्धंच जोडलेलं होतं. जुन्या वेळापत्रकात मी ते उचलून ठेवायला लावलं असतं. या वेळी आम्ही सुट्टी दोन दिवसांनी वाढवली. घड्याळ चालू झालं नाही, पण एकही स्क्रू उरला नाही, आणि याचा त्याला जो अभिमान होता तो बघण्यासारखा होता.

अवघडही बरंच आहे. आजूबाजूच्या मुलांना मोठी सुट्टी लागते तेव्हा आमच्या मुलांना वाईट वाटतं, अगदी रडारड होते. म्हणून त्या महिन्यांत आम्ही सकाळी फक्त दीड तास बसतो, गणित आणि लेखन. मित्र हाक मारायला येईपर्यंत वह्या मिटलेल्या असतात. दुसरी अडचण माझी होती. वर्षअखेर नाही म्हटल्यावर मी गोष्टी ढकलायला लागले. विज्ञानाचा एक साधा प्रयोग पाच आठवडे 'पुढच्या सोमवारी' वर राहिला. आता प्रत्येक फेरीच्या शेवटी आम्ही तिघं बसतो आणि काय झालं, काय राहिलं ते एका कागदावर लिहितो. होमस्कूलिंगचे नियम सगळीकडे सारखे नसतात. काही ठिकाणी अभ्यासाचे दिवस किंवा मूल्यमापन दाखवावं लागतं, तेव्हा वेळापत्रक बदलण्याआधी आपल्याकडचा नियम बघून घ्या. आणि मुलाला लवकरच परत शाळेत घालायचं असेल, तर शाळेचंच कॅलेंडर ठेवलेलं बरं.

मला सर्वात जास्त विचारतात ते हे, की तू थकत नाहीस का. पूर्वी थकायचे. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर मी नुसती सुट्टीचे दिवस मोजायचे, आणि मुलांवर निघणारा आवाज माझा मलाच ओळखू यायचा नाही. मोठी सुट्टी मुलांना हवी असं मी सगळ्यांना सांगायचे, हवी होती ती मला. आता सहा आठवड्यांच्या वर मला कधीच ताणावं लागत नाही.

या शुक्रवारी आमची फेरी संपतेय. थोरलीने कॅलेंडरच्या पाठीमागे सुट्टीची यादी लिहून ठेवलीय, पहिल्या ओळीत 'झोप', आणि त्याखाली दोन रेघा. पुढचे-मागचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस वही कपाटात राहील. खूण दशांश अपूर्णांकांच्या भागाकारापाशी आहे, आणि ती म्हणते, "ते मी आल्यावर पाच मिनिटांत करते."