अकरा गुंठे आणि चारशे शेकेल

ठाण्याच्या आमच्या शाळेचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी तिथं वाढदिवस, गुडघेदुखी आणि मुलांची लग्नं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतर मात्र एक वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. वर्गात मी एकटाच बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला यहुदी, त्यात गेली एकोणीस वर्षं इस्रायलमधल्या लोद शहरात राहतो. त्यामुळे भांडून दमले की सगळे माझ्याकडे वळतात. "बोल रे, ती जमीन देवानं तुम्हाला दिलीय की नाही? ते वचन अजून लागू आहे का?"

तिघांचे तीन सूर आहेत. एक मित्र म्हणतो, दिली म्हणजे दिली, दोन हजार वर्षांनी का होईना परत घेतलीच ना, आपणही शिकावं. (कुणाकडून काय परत घ्यायचं हे तो लिहीत नाही, पण ग्रुपवर सगळ्यांना कळतं.) दुसरा नगरचा ख्रिस्ती, मनानं फार चांगला. तो बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातलं तिसरं वचन टाकतो, तुला आशीर्वाद देतील त्यांना मी आशीर्वाद देईन, आणि खाली निळा-पांढरा झेंडा. तिसरी मैत्रीण चळवळीतली. तिचा एकच प्रश्न असतो: "तीन हजार वर्षांपूर्वीचं पुस्तक म्हणजे सातबारा आहे का?"

सातबाऱ्याचं काढलंस ते बरं केलंस. आमच्या घरात पुस्तकही आहे आणि सातबाराही.

सातबारा अलिबाग तालुक्यातला, अकरा गुंठ्यांचा, माझ्या वडिलांच्या नावाचा. आमची मंडळी सांगतात ते असं की नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज. पुढं गावोगाव तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक शनवार तेली म्हणायला लागले. आजोबांची बरीच शेती कुळकायद्यात गेली. ते तक्रार करायचे, चांगली तासभर करायचे. पण लहानपणी त्यांनी चरीचा संप पाहिला होता. १९३३ ते १९३९, शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायची नाही म्हटलं आणि उपाशी राहून निभावलं. त्यामुळे तक्रार संपता संपता ते स्वतःच म्हणायचे, "कसणाऱ्याचंही काही म्हणणं असतंच."

इथल्या माझ्या फ्लॅटच्या कागदावर 'हखिरा' असा शब्द आहे. हखिरा म्हणजे भाडेपट्टा. इस्रायलमधली ९३ टक्क्यांच्या आसपास जमीन सरकारी ताब्यात आहे आणि ती लोकांना पट्ट्यानं मिळते, मूळ मुदत ४९ वर्षांची. ४९ कशाला, तर तोरामध्ये (बायबलची पहिली पाच पुस्तकं, आमचा धर्मग्रंथ) पन्नासावं वर्ष योबेलचं, तेव्हा जमीन मूळ घराण्याकडे परत जायची. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळचे उपरे आणि पाहुणे. गंमत बघा, जिचं वचन होतं त्या भूमीत मी पट्टेदार आहे आणि जिचं वचन कुणीच दिलं नव्हतं तिथं खातेदार.

आता सरळ उत्तर. माझ्या मते वचन लागू आहे. ते रद्द झालं असं मी मानत नाही, आमच्या घरात कुणीच मानलं नाही. प्रश्न उरतो तो हा, की ते हातात धरून शेजाऱ्याच्या दारात जाता येतं का. त्यासाठी ज्याला ते प्रथम मिळालं त्या आमच्या मूळपुरुषानं, अब्राहामानं, काय केलं ते पाहावं.

उत्पत्तीचा तेविसावा अध्याय. त्याची बायको सारा वारली आहे. अब्राहामाला तोवर परमेश्वरानं ही भूमी एकदा नव्हे, अनेकदा देऊ केलेली आहे, मिसरच्या नदीपासून फरात नदीपर्यंत, सीमांसकट. आणि बायकोला पुरायला त्याच्याकडे हातभर जागा नाही. तो हेब्रोनच्या हित्ती लोकांपुढे उभा राहतो आणि म्हणतो, "मी तुमच्यात उपरा आणि पाहुणा आहे." वचनाचा उल्लेखसुद्धा करत नाही. एफ्रोन हित्ती म्हणतो, फुकट घ्या हो, तुमच्या-आमच्यात कसलं आलंय. आपल्याकडे बाजारात 'द्या काय द्यायचं ते' म्हणतात तसलं ते फुकट आहे. पुढच्याच दमात तो आकडा सांगतो, चारशे शेकेल. अब्राहाम घासाघीस करत नाही. व्यापाऱ्यांत चालणारी चांदी सगळ्यांसमक्ष तोलून देतो. मग मजकूर जवळपास खरेदीखतासारखा होतो: मखपेला इथलं शेत, त्यातली गुहा, शेताच्या चारी सीमांतली झाडं, वेशीवर जमलेल्या हित्तींच्या देखत. आमच्याकडच्या तलाठ्यालाही यात त्रुटी काढता आली नसती.

आमच्या जुन्या मिद्राशात, म्हणजे रब्बींनी केलेल्या तोराच्या विवरणात, एक वाक्य आहे. तीन जागा अशा आहेत की जगातली राष्ट्रं त्यावरून इस्रायलला चोर म्हणू शकणार नाहीत, कारण त्या पैसे मोजून घेतल्या. मखपेलाची गुहा, दाविद राजानं विकत घेतलेलं यरुशलेममधलं खळं, जिथं पुढं मंदिर उभं राहिलं, आणि शखेमजवळची (आजचं नाब्लुस) योसेफाची कबर. नकाशावर बोट ठेवलं तर याच तीन ठिकाणांच्या आसपास आजही रक्त सांडतं. हेब्रोनमध्ये १९२९ साली ६७ यहुदी कापले गेले. १९६८ च्या पेसाहला काही यहुदी कुटुंबं त्याच गावातल्या पार्क हॉटेलात सणापुरती म्हणून उतरली आणि सण संपल्यावर गेलीच नाहीत. तिथल्या वसाहतीची सुरुवात ती. १९९४ मध्ये शेजारच्या वसाहतीतल्या एका यहुदी डॉक्टरनं गुहेवरच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. अब्राहामानं तिथं रोख पैसे मोजले होते, एवढंच मी म्हणेन.

दुसरी बाजूही आमच्याच पुस्तकात आहे, ती लपवून उपयोग नाही. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राहणाऱ्या राशी नावाच्या पंडिताची तोरावरची टीका आमच्याकडे मुलं लहानपणीच वाचतात. तिची सुरुवातच या प्रश्नानं होते: धर्माज्ञांचं पुस्तक जगाच्या निर्मितीपासून का सुरू व्हावं? उत्तर असं, की उद्या राष्ट्रं म्हणाली 'तुम्ही लुटारू, सात जमातींचा देश लाटलात', तर सांगता यावं की पृथ्वी परमेश्वराची, त्याला योग्य वाटलं त्याला त्यानं ती दिली; त्याच्या मर्जीनं त्यांना दिली, त्याच्या मर्जीनं त्यांच्याकडून घेऊन आम्हाला दिली. वेस्ट बँकेतल्या टेकड्यांवर कॅराव्हॅन टाकून बसणारी पोरं हे घडाघडा म्हणून दाखवतात. मला वाटतं, ते 'दिली'वर थांबतात. घेतलीही जाते, हेही त्याच वाक्यात आहे. तोराच्या शेवटच्या, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय उघडला की आशीर्वाद चौदा वचनांत आटोपतात आणि शाप चौपन्न वचनं चालतात, शेवटी देशातून उपटून काढण्यापर्यंत. दोनदा काढलंही, आधी बाबेलच्या हातून, मग रोमच्या, आणि आधी संदेष्ट्यांनी, मग रब्बींनी त्याचं खापर शत्रूवर नाही, आमच्यावर फोडलं.

देशाच्या पायातही हा घोळ आहे. १९४८ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात देवाचं नाव घालावं की नाही यावर धार्मिक आणि डावे अडून बसले, तेव्हा 'त्झूर यिस्राएल', इस्रायलचा खडक, असा शब्द घातला. ज्याला देव वाचायचा त्यानं देव वाचावा, बाकीच्यांनी दगड. १९७९ मध्ये तेव्हाचे प्रमुख रब्बी ओवादिया योसेफ यांनी निवाडा दिला की जीव वाचत असतील तर भूमी परत देता येते. ते काही पुरोगामी नव्हते, चांगलेच कडवे होते. वचन मानूनही असं म्हणता येतं हे माझ्या मैत्रिणीला सांगितलं तर तिचा विश्वास बसत नाही.

लोदमध्ये रोजच्या जगण्यात वचनाची चर्चा होत नाही. पार्किंगची होते, लिफ्टची होते. समोरच्या फ्लॅटमधल्या अरब बाई शाळेत गणित शिकवतात. १९४८ च्या जुलैत लोदमधून हजारो अरबांना हाकललं, त्यातून जे थोडे मागं राहिले त्यांतले त्यांचे आजोबा. सोसायटीच्या बैठकीत त्या आणि मी एका बाजूला असतो, कारण दोघांनाही लिफ्टचा वाढीव खर्च मान्य नाही. २०२१ च्या मे महिन्यात शहर पेटलं. गाड्या जळाल्या, सिनेगॉगं जळाली, एक अरब मेला, एक यहुदी मेला. त्या रात्री त्यांची मुलं आमच्याकडे झोपायची की आमची त्यांच्याकडे, हे खाली रस्त्यावर कुणाचा जमाव आहे त्यावर ठरायचं. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात देश वाटून घ्यायची आज्ञा आहे, आणि तिथं स्पष्ट सांगितलंय की तुमच्यात राहून ज्यांना मुलंबाळं झाली त्या परक्यांनाही वतन द्या, ते तुम्हाला जन्मानं इस्रायल असल्यासारखे. हेही वचनातच मोडतं. हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा कुणीच काही लिहिलं नाही, एक अंगठा आला फक्त.

नगरच्या मित्राशी माझं वेगळं बोलणं होतं. त्याला येणारी प्रवचनं अमेरिकेतली, मराठीत आवाज दिलेली. त्यातली मांडणी डार्बी नावाच्या धर्मोपदेशकानं एकोणिसाव्या शतकात केली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटीपांनी घरोघर नेली. यहुदी आपल्या देशात गोळा होणार, मोठं युद्ध होणार, त्यात बहुतेक मरणार, उरलेले येशूला मानणार. मी त्याला म्हटलं, "अरे, तुझ्या नाटकात आमचं काम शेवटच्या अंकात मरायचं आहे, आणि तू टाळ्या वाजवतोयस." तो ओशाळला. पण त्याच्या आजोबांच्या पिढीतली शिकवण तरी काय होती? देवानं करार आमच्याकडून काढून मंडळीला, म्हणजे चर्चला, दिला, ही. त्या शिकवणीनं युरोपात आमचं काय केलं ते सांगायला नको. कॅथलिक चर्चनं १९६५ मध्ये पौलाच्या रोमकरांस पत्राचा आधार घेऊन सांगितलं की देव आपली दानं आणि पाचारण मागं घेत नाही. मला एवढं पुरतं. झेंडा नको.

आणि करार कुणाला लागू, हा प्रश्न आम्हाला आमच्याच लोकांनीही विचारलाय. १९६२ मध्ये इस्रायलच्या प्रमुख रब्बीनेटनं, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठानं, फर्मान काढलं की बेने इस्रायलांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवला, पोरांची सुंता केली, शेमाची प्रार्थना विसरले नाहीत, ते पुरेसं नव्हतं. लोक यरुशलेममध्ये रस्त्यावर बसले, तेव्हा कुठं १९६४ मध्ये संसदेनं ठराव केला की बेने इस्रायल पूर्ण यहुदीच आहेत. म्हणून वचनाचा कागद कुणी छाती काढून दाखवायला लागला की मला आधी ते आठवतं.

पहिल्या मित्राला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. त्याचं 'मूळ कुणाचं' हे गणित कोकणात लावलं तर पहिले आमचे अकरा गुंठे जातील. कोकणात आम्ही कुठल्या वचनावर राहिलो नाही. गावानं राहू दिलं म्हणून राहिलो. १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस, यहुद्यांना स्वतःचा देश हवा म्हणणाऱ्यांची परिषद, भरली, तिचं निमंत्रण बेने इस्रायलांनाही आलं होतं. आपल्या मंडळींनी नकार कळवला, परमेश्वराचा हात नेईल तेव्हा जाऊ म्हणून. पुढं इस्रायल झाल्यावर हळूहळू बहुतेक गेले. मीही आलो. परमेश्वराच्या हातानं आलो की पगारासाठी, हे बायकोला विचारलं तर ती दुसरं सांगेल.

गेल्या महिन्यात अलिबागहून चुलतभावाचा फोन आला. वडिलांच्या जागी वारसनोंद करायचीय, मृत्यूदाखला आणि माझ्या पासपोर्टची प्रत पाठव म्हणाला. जमीन सध्या शेजारचे पाटील बघतात, पावसाळ्यात भात, नंतर पांढरा कांदा. कागद पाठवले. पुढच्या आठवड्यात कुणीतरी तेल अवीवला यायचं होतं, त्याच्या बॅगेतून पाटलांनी कांद्याची एक माळ पाठवली, वेणीसारखी विणलेली. निम्मी समोरच्या बाईंना दिली. त्यांनी विचारलं, "कुठला हा? गोड आहे." मी म्हटलं, "आमच्याकडचा."